हवा, गॅस आणि माझा हात

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळी ६.४०
आजपासून इंजिन माझ्या ताब्यात. दिवसपाळीचा ऑपरेटर अजिनाथ पुण्याला गेला, म्हणून मॅनेजर मोहनरावांनी दिवसाची ड्युटी मला दिली. म्हणाले, मावशी, दोन वर्षं हेल्पर होतात, आता तुमीच बघा. दर तासाला आकडे लिहा, बाकी कशाला हात लावू नका. मी मान हलवली.

आकडे काय, कुणीही लिहील. हे गॅसचं इंजिन यांनी सात वर्षं चालवलं. सिरसाळ्यातली लाइट गेली तरी आमची कापसाची जिनिंग चालायची. रोज घरी आले की मी विचारायचे, आज काय केलं? हे म्हणायचे, लई भांडत होतं, पाव फेरा दिला, गप बसलं. म्हणजे हवा आणि गॅसचं प्रमाण जुळवायचं ते गोल बटण. हात लागल्याशिवाय इंजिन चालत नाही, हे मला घरबसल्या माहीत आहे.

मालकांची अट: या महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा बंद पडलं तर इंजिन विकणार, वीज बोर्डाची मोठी लाइन घेणार. मला इंजिनाचं प्रेम वगैरे काही नाही. पण विकू देणार नाही.

निश्चय: ३० तारखेपर्यंत एकदाही बंद पडू द्यायचं नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
इंजिनाचं इंग्रजी पुस्तक वाचायला घेतलं. शाळा चौथीपर्यंत, पण डिक्शनरी घेऊन बसलं की काहीही वाचता येतं. अकरा पानं झाली. हवा जास्त, गॅस कमी, याला लीन म्हणजे रोडकं म्हणतात. उलट झालं की रिच, श्रीमंत. चुलीचंच आहे हे. हवा जास्त तर जाळ फडफडतो, कमी तर भांडं काळं.

धुराच्या पाइपात एक सेन्सर आहे. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो हुंगतो आणि भिंतीवरच्या डब्याला कळवतो. डबा त्याप्रमाणे गॅस कमीजास्त करतो. त्यासाठी खटका ऑटोवर ठेवायचा. ही सोय आळशी माणसांसाठी दिसते.

बुधवार, ६ नोव्हेंबर. ११.१५
खटका मॅन्युअलवर घेतला. पाव फेरा उजवीकडे. आवाज एकदम गोड झाला. यांची आठवण वगैरे आली नाही, कामात होते.

११.२०
बंद पडलं. यात माझा संबंध नाही. गॅसची गाडी आजच बदलली. नव्या गाडीतला गॅस कच्चा असावा.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
एअर फिल्टरवर कापसाचे तंतू बसतात. पुस्तकात लिहिलं आहे, हवा स्वच्छ हवी. यांचा एक पंचा कपाटात दोन वर्षं नुसता पडून होता. त्याची दुहेरी टोपी शिवून फिल्टरला घातली. वस्तू वापरात आलेली बरी. दुसरा काही विचार नाही. मोहनरावांना सांगितलं नाही. चांगलं काम सांगून करू नये.

सोमवार, ११ नोव्हेंबर
दुसऱ्यांदा बंद. त्या वेळी मोहनराव दारात उभे होते. त्यांची नजर बरी नाही.

भामाबाई कापूस निवडायला असते. तिचं तोंड कोण धरणार? म्हणाली, केसरबाई, तू आत गेली की बंद पडतं, बाहेर आली की चालतं, मशीनला तुझं वावडं हाय का काय? सगळ्या बाया हसल्या. मी तिला लीन आणि रिच समजावून सांगितलं. तिने मधेच तंबाखू मळायला घेतली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
लॉगबुक नीट पाहिलं. दोन्ही वेळा माझ्याच ड्युटीत. रात्रपाळीच्या हनुमानच्या वेळेत एकदाही नाही. हनुमान खुर्चीत घोरतो, हे सगळ्या जिनिंगला माहीत आहे. मग असं का?

दुपारी भाकरी खाताना उलगडलं. इंजिन मला ओळखतं, म्हणून माझ्यापुढे मोकळेपणाने बंद पडतं. हनुमानपुढे बिचारं जीव मुठीत धरून चालतं. लेकरू आईपुढेच रडतं.

आज चार फेरे दिले.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
कापसाच्या गाड्या आल्या नाहीत, इंजिन थंड. संधी साधून पान्याने सेन्सर काढला. काळा ठिक्कर. असलं नाक घेऊन तो काय हुंगणार? भामाबाईकडून चिंच घेतली, राख घरून नेली होती. समईसारखा लखलखीत केला. ‘साफ करू नये, नवा बसवावा’ असं पुस्तकात आहे. ते कंपनीचा माल खपावा म्हणून. पितळेला नवं घ्या असं कुणी म्हणतं का?

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
तिसऱ्यांदा बंद. प्लग काढून पाहिले, सगळे तव्याच्या बुडासारखे. इंजिन फार श्रीमंत झालं आहे. माझ्या हाताखाली बरकत आली, असंही म्हणता येईल.

निश्चय: आता एकदाही नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर
सकाळी एकदा, दुपारी एकदा. लॉगबुकात ‘बंद’ लिहिलं नाही. ‘विसावा’ लिहिलं. विसाव्यावर मालकांची अट नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर
मोहनरावांनी लॉगबुक वाचलं. म्हणाले, मावशी, इंजिन काय ऊस तोडायला गेलतं का, विसावा घ्यायला? मी म्हटलं, राबणाऱ्या जिवाला लागतो. त्यांनी छत्रपती संभाजीनगरला सतीशला फोन लावला. सतीश म्हणजे इंजिनाच्या सर्व्हिसचा पोरगा. बरंच झालं. त्याला माझी पद्धत दाखवते.

गुरुवार, २१ नोव्हेंबर
सतीश आला. मालकही आले. रात्रपाळी संपवून हनुमान तमाशा बघायला थांबला.

सतीशने पंचा काढून झटकला तर पसाभर कापूस पडला. म्हणाला, मावशी, याला श्वास कुठून घ्यायचा? मग सेन्सर हातात घेतला, वास घेतला, आणि हळूच विचारलं, चिंच? मी म्हटलं, आणि राख.

नंतर डब्याला लॅपटॉप जोडला. खटका कधी हलला, कुणाच्या वेळेत हलला, सगळं डबा लिहून ठेवतो म्हणे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या नावावर एक्केचाळीस वेळा. मालकांनी मोहनरावांकडे पाहिलं, मोहनरावांनी छताकडे.

मी म्हटलं, मग यांचंही काढा. सात वर्षं रोज फेरे दिले, म्हणून तर इंजिन टिकलं. सतीश म्हणाला, राहू द्या मावशी. मी म्हटलं, न्हाई, काढाच.

दोन. सात वर्षांत दोनदा. दोन्ही वेळा सर्व्हिसच्या दिवशी, सतीश शेजारी असताना.

मी म्हटलं, डब्याची आठवण कच्ची असेल. हनुमान म्हणाला, वहिनी, राधाकिशनभाऊ यायचे, आकडे लिहायचे, अन् खिडकीत चहा पीत बसायचे. हात लई जपून. म्हणायचे, घरी रोज इचारते बिचारी, काहीतरी सांगावं लागतं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर
कामावर गेले नाही. कारण: ताप.

ताप नव्हता. पंचा तीन पाण्यांतून काढला. कापसाचे तंतू निघत नाहीत. सात वर्षांच्या किती संध्याकाळी होतात, याचा हिशोब करत बसले होते, तो सोडून दिला. एवढ्या संध्याकाळी एक माणूस माझ्यासाठी गोष्ट बनवून आणत होता. मला राग आला आहे, असं सध्या ठरवलं आहे.

सोमवार, २५ नोव्हेंबर
मालकांचा निर्णय झाला. सगळे बंद इंजिनाचे नव्हते, माझे होते. म्हणून अट इंजिनाला लागू नाही. इंजिन राहणार. म्हणजे ते माझ्यामुळेच वाचलं, हे मोहनरावांना बोलून दाखवलं. त्यांनी हात जोडले.

सतीशने नवा सेन्सर बसवला आणि खटक्याला मीटरला लावतात तसं तारेचं सील लावलं. मलाही ठेवलं आहे. काम: आकडे लिहिणे, हात न लावणे. जाताना सतीश म्हणाला, मावशी, काकांसारखं काम करणारा ऑपरेटर मी दुसरा पाहिला नाही. आधी वाटलं टोमणा आहे. नव्हता.

शनिवार, ३० नोव्हेंबर. सकाळी १०.०५
पाच दिवस एकदाही बंद नाही. ऑक्सिजनचा आकडा जागचा हलत नाही. खिडकीत बसले, चहा घेतला. हात न लावण्याचा निश्चय पाळला.

१०.४०
निश्चय मोडला. सीलला नाही, बटणाला नाही. इंजिनाला नुसता बाजूने तळहात टेकवला, एवढी वर्षं हे काय जपत होते ते बघायला. हात टेकला तिथे धुराचा पाइप निघाला.

भामाबाईने कोरफड लावून फडकं बांधलं. इंजिन चालू आहे. हे अक्षर डाव्या हाताचं आहे.