आईचा वर्कफ्लो

सोमवार, ३ जुलै
आज कॉलेजच्या ऑफिसात रुजू झाले! खिडकीजवळचं टेबल मिळालं, फिरणारी खुर्ची मिळाली, आणि शेजारच्या दाखलेबाईंनी पहिल्या तासाभरातच माझं लग्न कुठं अडलंय याची चौकशी केली. सगळे त्यांना दाखलेबाईच म्हणतात, कारण दाखल्यांची खिडकी त्यांची.

माझं काम मजेचं आहे. कोण काय करतं ते शेजारी बसून बघायचं, नव्या सॉफ्टवेअरमध्ये एकेका पायरीची चौकट काढायची, चौकटी बाणांनी जोडायच्या, की झाला त्या माणसाचा ‘वर्कफ्लो’. मग त्या माणसाची संमती घेऊन ‘लागू करा’ दाबायचं. प्राचार्यांनी एकच नियम सांगितला: जे रोज घडत नाही ते घ्यायचं नाही. मला तो फार पटला. पसारा मला मुळी सोसतच नाही. आई म्हणते, ही पोटातूनच इस्त्री करून आली.

गुरुवार, ६
दाखलेबाईंचा वर्कफ्लो झाला. अर्ज घेणे, रजिस्टर पाहणे, दाखला छापणे, सही घेणे, शिक्का मारणे, दाखला देणे, समाप्त. मधेच एका रडणाऱ्या मुलीला त्यांनी आपला अर्धा डबा खाऊ घातला, पण ते काही रोजचं नाही. वगळलं. माझं अख्खं आयुष्य सात चौकटींत कोंबलंस की गं, म्हणाल्या, आणि हसत संमती दिली.

घरी हात बसावा म्हणून आईची संध्याकाळ काढली. दार उघडणे, पिशवी घेणे, पाणी देणे, अन्न गरम करणे, वाढणे, ओटा पुसणे, दार लावणे. जेवताना ती माझी टर उडवते, कधी केसांतून हात फिरवते. रोज नाही. तिनं चष्मा न लावताच संमतीचं बटण दाबलं आणि विचारलं, यात मी बसते कुठं? दोघी पोट धरधरून हसलो. मी ‘लागू करा’ दाबलं. अंमल सोमवारपासून, असं सॉफ्टवेअरनं आपोआप लिहिलं.

मंगळवार, ११
दाखलेबाई कालपासून कुणाशी बोलत नाहीत. रांग मात्र दहा मिनिटांत संपते. प्राचार्य खूश आहेत.

आईसुद्धा काल गप्पच. वाटलं, रुसली. जेवण झालं, ओटा पुसला, दार लावलं. मग तिनं दार परत उघडलं. खुंटीवरची माझी पिशवी काढून पुन्हा टांगली, पाणी आणलं, दुसऱ्यांदा ताट वाढलं. थट्टा करतेय समजून मीही हसले. सकाळी उठले तेव्हा ती ओटा पुसत होती.

बुधवार, १२
चूक सापडली. आईच्या वर्कफ्लोत मी ‘समाप्त’ची चौकट काढलीच नव्हती. ‘दार लावणे’तून निघालेला बाण थेट ‘दार उघडणे’कडे गेलाय.

दुरुस्तीला तिची संमती लागते. लॅपटॉप पुढं धरला, ती बाजूनं निघून गेली. बटण दाबणं तिच्या पायऱ्यांत नाही. शेवटी तिचं बोट धरून मीच दाबलं. ‘संमती नोंदली नाही’ एवढंच उमटलं.

शुक्रवार, १४
दाखले आता ऑनलाइन मिळणार, खिडकी बंद. दुपारी प्राचार्यांनी दाखलेबाईंचा वर्कफ्लो माझ्यासमोर पुसून टाकला. पुसायला कुणाचीच संमती लागत नाही.

बाईंच्या हातातला शिक्का वरच थांबला. मग त्यांनी रजिस्टरवर डोकं टेकलं. हाक मारली, हलवलं. उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मला माहीत आहे, हृदय नव्हे.

शनिवार, १५
आईचे पाय सुजून खांबासारखे झालेत. टाचा फुटल्यात, फरशीवर रक्ताचे ठसे. डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. तिचे डोळे मिटले — आणि मिटल्या डोळ्यांनी ती ताट वाढत राहिली. खुर्चीला बांधून पाहिलं. मनगटं सोलून निघाली तरी ओढतच होती. सोडली. ती चालत असतानाच मी तिला पाणी पाजते. सांडतंच जास्त.

रविवार, १६
सत्तावीस वर्षं जिच्याजवळ राहिले तिच्याबद्दल लिहायला बसले, आणि मला सुचलं ते एवढंच — ती माझ्यासाठी काय काय करते. तिला काय आवडतं याची एक चौकट नाही. माझी मलाच लाज —

ताट वाढलंय. कितवं, कोण जाणे. ती तिथंच उभी असते, मी घास घेईपर्यंत. म्हणून खाते.

सोमवार, १७. सकाळ
ती भिंत धरधरून चालतेय. पडते, उठते. किती दिवस हे असंच —

पुसलं तर ती जाईल. नाही पुसलं तर ती अशीच —

विचारलं तिला. आई, काय करू? तिनं पाणी आणून दिलं.

पुसलं.

थांबली. स्वयंपाकघराच्या दारात. हातात वाटी. माझ्याकडे बघतेय — खरंच बघतेय, मला — म्हणाली, रडतेस कशाला गं, मी जरा बसते इथं, तू आधी —