चार बाटल्या समुद्र

महाल, नागपूर, मध्यप्रांत
श्रावण शुद्ध सप्तमी

तीर्थस्वरूप मधुसूदन भाऊजींच्या सेवेशी मेहुणा मुकुंद याचा साष्टांग नमस्कार. आम्ही उकाड्यातून सुटून चिखलात सुखरूप पोचलो आहोत. तुमची कंबर कशी आहे? ताराताईला सांगावे की भिवापुरी तिखट पुरवून वापरू नये, मनसोक्त वापरावे (सत्यवती आत्या आणखी पाठवणारच आहे).

रत्नागिरी बंदरावरची कचेरी सांभाळून तुम्ही माझ्यासाठी तिन्ही ऋतूंत आणि पाऊस सरताच आणखी एकदा समुद्राचे पाणी बाटलीत भरलेत, एरवी होडीतून आणि भर पावसात धक्क्यावरून दोर सोडून. मग बोटीने मुंबईस व तेथून आगगाडीने इकडे धाडलेत. त्या उपकाराचे काय झाले ते आता सांगतो. बसून वाचावे.

आमच्या कॉलेजातले जीवशास्त्राचे मुख्य गोपाळराव यांचे मत असे की समुद्र बारा महिने सारखाच असतो. (त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. अंबाझरीचा तलाव पाहिला आहे.) माझे म्हणणे असे की पावसाळ्यात नद्या माती धुऊन नेतात, तळही ढवळून निघतो आणि नत्र, स्फुरद असे क्षार पाण्यात वर येतात. मग ऊन पडले की त्या खतावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती इतक्या माजतात की पाणी हिरवट होते, आणि खत खाऊन संपले की उन्हाळ्यात पुन्हा शुकशुकाट. हे मी विज्ञान मंडळापुढे सूक्ष्मदर्शकातून दाखवायचे, दाखवता आले तर माझी हंगामी नोकरी कायम, नाही तर मी घरी, असे ठरले.

बाटल्या मी देवघरातल्या खालच्या फळीवर ठेवल्या होत्या, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात आमच्या घरात तेवढीच जागा थंड. आल्या आल्या एकेक थेंब पाहूनही घेतला होता. पावसानंतरच्या पाण्यात काचेच्या डब्यांसारख्या वनस्पतींची जत्रा, उन्हाळ्यातल्या पाण्यात एखादी चुकार. फरक इतका उघड होता की मी चित्रे काढायचाही कंटाळा केला.

आता आत्याचा स्वभाव तुम्हांला ठाऊक आहे. पर्वावाचून समुद्राला हात लावू नये हा तिचा नेम, म्हणून इतके महिने तिने बाटल्यांना नुसता लांबून नमस्कार केला. माझे व्याख्यान मंगळवारी, आणि आदल्या दिवशी नेमकी सोमवती अमावस्या. मी कॉलेजात खुर्च्या मांडत असताना तिने गल्लीतल्या बायका जमवल्या, साऱ्या बाटल्या तांब्याच्या घागरीत ओतल्या आणि प्रत्येकीच्या आंघोळीच्या पाण्यात पळीपळीने समुद्र घातला. उरलेले पाणी तिने, माझे नुकसान नको म्हणून, बाटल्यांत सारखे वाटून भरले आणि बुचे घट्ट लावून ठेवली. मला यातले काहीच ठाऊक नव्हते.

मंगळवारी गोपाळरावांनी उन्हाळ्याचा थेंब पाहिला, तर जत्रा. पावसाळ्याचा पाहिला, तीच जत्रा. हिवाळ्याचा, तीच. चौथा, पाऊस सरल्यानंतरचा, नाही पाहिला तरी चालेल असे मी म्हटले, तरी त्यांनी पाहिलाच. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मी काय सांगून राहिलो होतो, मुकुंदराव? सारखाच आहे ना समुद्र. पण तुम्ही काही लपवलं नाही, हे मले आवडलं."

घरी येऊन आत्याला विचारले तेव्हा तिने सगळे सांगितले आणि वर म्हणाली, "समुद्र तर एकच आहे. तू त्याले तोडून तोडून काहून ठेवून राहिला होता गा?" याला शास्त्रात उत्तर आहे, पण आमच्या घरात नाही.

तात्पर्य, गोपाळराव माझ्यावर बेहद्द खूश आहेत. ते नोकरी कायम करणार आणि 'समुद्रास ऋतू नसतात' असा निबंध मी दोघांच्या नावाने लिहायचा. घागरीचे मी त्यांना सांगितलेले नाही. आईने पेढेही वाटले. तरी काळजी नसावी. ताराताईला नमस्कार, आणि तुमचा लोभ (गोपाळरावांच्या समुद्राप्रमाणे) बारा महिने सारखा असावा.

आपला,
मुकुंद

ता. क. गोपाळराव दसऱ्याच्या सुट्टीत समुद्र पाहायला रत्नागिरीस येत आहेत आणि उतरणार तुमच्याकडे. पाणी हिरवे असते ते नेमके तेव्हाच. त्यांना देवळे दाखवा, सोलकढी पाजा, पण किनाऱ्याकडे फिरकू देऊ नका. (रत्नागिरीत हे कसे जमवायचे ते तुम्ही पाहा.) माझ्या नोकरीच्या कागदावर त्यांची सही अजून व्हायची आहे.

आणखी ता. क. सोबत आत्याही येते आहे, समुद्रस्नानाला. घागरीची हकीकत ती भेटेल त्याला अभिमानाने सांगते. तिला आवरावे.

शेवटचा ता. क. काल तो निबंध लिहायला बसलो. मथळ्याखाली माझे नाव घातले आणि मला माझीच लाज वाटली. तुम्ही धक्क्यावर पावसात भिजलात ते काय यासाठी? तेव्हा वरचे दोन्ही ता. क. रद्द समजावेत. गोपाळरावांना पोटभर जेवू घाला, होडीत बसवा, हिरव्या पाण्यात मध्यावर न्या, आणि तिथे आत्याला बोलू द्या. ते आमच्याच गल्लीत वाढले, लहानपणी तिनेच त्यांचे नाक पुसले आहे. तिच्यापुढे त्यांना बोलता येत नाही, आणि होडीतून उठून जाताही येणार नाही. सहीचा कागद मी आत्याच्याच पिशवीत ठेवला आहे.