पाव इंच

प्रिय ठमाबाई,

सुईचं काम झाल्यावर पहिल्याच रात्री गोळीशिवाय झोपलीस, आणि आईच शेजारच्या खुर्चीत घोरत होती, ही तुझी चहाडी फोनवर पोचली. बरं वाटलं. मणक्यातली मसुराएवढी गाठ एवढा छळ करते आणि साध्या एक्स-रेत दिसतसुद्धा नाही, हे मला अजून पटत नाही. कॅन्सर नाही, सुईच्या टोकाने तापवून जाळली की संपलं, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे माझ्या हातातली कात्री खाली आली.

दुकानात गणवेशांची गर्दी आहे. काजं करणारी मावशी रोज विचारते, आमची भवानी कधी येणार? मी हसतो, पण तुला किती बोललो ते आठवतं. मोबाईलमध्ये वाकून पाठ मोडली म्हणालो. रात्री कण्हायचीस आणि गोळी घेतली की डाराडूर, म्हणजे परीक्षेचं नाटक, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. गोळीने थांबतं हीच त्या गाठीची खूण, हे बाईंनी सांगितलं. हॉस्पिटलच्या ढगळ झग्यात तुझी पाठ वाकडी दिसली तेव्हा आई दचकून म्हणाली, अगं बाई, हे कधी झालं? मी झग्याच्या नाड्या बांधायला लागलो.

परवा बाईंनीही तेच विचारलं. म्हणाल्या, दुखण्यामुळे आलेला बाक वर्षभरातला असला तर बहुधा आपला आपण सरळ होतो. जुना असला तर जास्त लक्ष ठेवावं लागतं, कदाचित पट्टाही. मी सांगून टाकलं, सहा महिने.

ते खोटं होतं. सोबत मापांची वही पाठवतोय. तुझं पान काढ. एकोणीस महिन्यांपूर्वी उजवा खांदा पाव इंच खाली, पुढच्या मापाला अर्धा. गिऱ्हाईकाचं अंग वाकडं असलं तर बोलायचं नाही, कापडात जिरवायचं, ही आम्हा शिंप्यांची खोड. तुझ्या प्रत्येक शर्टाच्या उजव्या खांद्यात मी पॅड घालत गेलो. म्हणून कुणालाच दिसलं नाही, आईलाही नाही. हे पान आधी आईला दाखव, मग बाईंना. रागावलीस तर रागाव, पण वही आजच दे. घरी येताना घालायला नवा शर्ट ठेवलाय. त्यात काही भरलेलं नाही.

तुझाच,
बाबा