पंधरा दिवसांची गैरहजेरी

प्रिय चिऊ,

मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "आई, तीन महिने येशील का?" आणि मी नेहमीचं उत्तर दिलं, "अगं, मग संस्था कोण बघणार?" तू नुसतं "बरं" म्हणालीस. कडकडून भांडली असतीस तर परवडलं असतं. ते 'बरं' कुसळासारखं टोचत राहिलं.

त्यानंतर इकडे बरंच घडलंय. आमच्याकडे एक सल्लागार येते, आम्ही तिला चष्मेवाली म्हणतो. तिची संस्था दहा-बारा देशांत काम करते आणि आमच्यासारख्या गल्लीतल्या संस्थांना आपल्या पायांवर उभं राहायला शिकवते. मी म्हटलं, बावीस वर्षं आम्ही अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन सेवा करतोय, पाय आहेत की आम्हाला! कुठल्या घरी काय लागतं ते सगळं माझ्या डोक्यात आहे, असंही ऐटीत सांगितलं. सोळा नंबरच्या आजींना उशी डावीकडून लागते. निवृत्त पोस्टमनकाका आधी एक विनोद ऐकल्याशिवाय कूस बदलू देत नाहीत. बाई शांतपणे म्हणाली, "आणि हे डोकं रजेवर गेलं तर?" मी म्हटलं, ते रजेवर जात नाही. तिने कागदावर काहीतरी लिहिलं. हळूच डोकावून पाहिलं, तर 'प्रमुखाच्या गैरहजेरीत काम चालेल का' या प्रश्नापुढे भोपळा! पाचपैकी शून्य.

मला शाळेतसुद्धा कधी भोपळा मिळाला नव्हता. पित्त खवळलं, पण माझी खुमखुमी तुला ठाऊक आहेच. म्हटलं, बोल, काय करू? तिने एक वही दिली. एका घराला एक पान, डोक्यातलं सगळं त्यात उतरवायचं, आणि मग पंधरा दिवस घरी बसायचं. ऑफिसचं तोंड बघायचं नाही, आपण होऊन फोन करायचा नाही. एकोणचाळीस पानं भरली आणि घरी बसले.

पहिले चार दिवस फोन हातात धरून होते. वाजेना. पाचव्या दिवशी शेजारणीच्या फोनवरून माझाच नंबर लावून पाहिला, बिघडलाय की काय म्हणून. चांगला ठणठणीत वाजला. आठव्या दिवशी काही राहवेना. एका धडधाकट अभ्र्याची शिवण उसवली, ऑफिससमोरच्या शिंप्याकडे गेले आणि त्याच्या स्टुलावर तासभर ठिय्या दिला. समोर खिडकीतून आमच्या सेविकांमधली घुमी दिसली. पाच वर्षांत माझ्यापुढे पाच वाक्यं बोलली नसेल, आणि आता फळ्यासमोर उभी राहून सगळ्यांना घरं वाटून देत होती! मी घरं वाटायचे ती कोण किती जुनी ते बघून. तिने वाटली रस्त्याप्रमाणे. सगळ्याजणी तासभर आधी मोकळ्या होऊ लागल्या. इतकी साधी गोष्ट बावीस वर्षांत माझ्या टाळक्यात आली नाही, बघ.

चूक एकच झाली, आणि तीही माझी. पोस्टमनकाकांच्या पानावर मी 'आधी विनोद सांगणे' एवढंच लिहिलं. कोणता, ते लिहिलंच नाही. त्यांना एकच चालतो, चुकीच्या दारात पडलेल्या पत्राचा. दुसरे विनोद ऐकून ते असे चिडले, की दोन दिवस अंगाला हात लावू देईनात. पडून पडून पाठीला जखमा होतात, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. घुमीने त्यांच्या लेकीला गाठून तो विनोद पाठ केला आणि माझ्या अक्षराखाली लाल शाईने लिहून टाकला. मला सोळाव्या दिवशी वही उघडल्यावर कळलं. आधी ढसाढसा रडले गं. आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, हे कळलेलं कुणाला आवडतं? मग डोळे पुसले आणि ऑफिसची किल्ली घुमीच्या हातात दिली. पोरगी सोन्यासारखी आहे, मीच तिला कधी बोलू दिलं नव्हतं.

आता तुझं. तुझ्या पहिल्या बाळंतपणाला मी चार दिवस आले आणि त्यातले दोन फोनला कान लावून घालवले. तेव्हाही तू 'बरं'च म्हणाली होतीस. चुकलं माझं. या खेपेला तीन महिने येतेय, तिकीट काढलंय, आता तू नको म्हणालीस तरी येणार. पण काल बॅग भरताना वहीचं चाळिसावं पान काढलं, वर तुझं नाव घातलं आणि पेन हातात तसंच राहिलं. सोळा नंबरच्या आजींची उशी मला पाठ आहे. तू कोणत्या कुशीवर झोपतेस, सकाळी उठल्या उठल्या तुझ्याशी बोललेलं चालतं का, माझा नातू कशाला घाबरतो, यातलं एकही मला माहीत नाही. म्हणून हे पत्र. ते कोरं पान सोबत ठेवलंय. मी निघायच्या आत भरून पाठव, बारीकसारीक सगळं लिही. आणि विनोद लागत असेल, तर कोणता, तेही लिही.

तुझीच, अजून शिकाऊ,
आई