पश्चिम केबिनची सही

मी, बद्रीनाथ तातेराव शेजूळ, वय ७७, रेल्वेचा निवृत्त लीव्हरमन, राहणार कुंभार पिंपळगाव, जि. जालना, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही. घालणारी होती ती दोन वर्षांपूर्वी गेली.

१) घर मुलगा राधेश्यामला. विहिरीकडचे शेत त्याला व मुलगी दैवशालाला निम्मे-निम्मे. "पोरीला कशाला?" म्हणणाऱ्या भाऊबंदांना माझ्या तेराव्याला जेवू घालू नये.

२) आमच्या लहानशा स्टेशनच्या पूर्व टोकाच्या केबिनीत माझी नोकरी झाली. पश्चिम टोकाच्या केबिनीत बिरू कारभारी देवकते. त्याने तिकडून मोकळा केल्याशिवाय माझा लीव्हर हलायचा नाही, सिग्नल पडायचा नाही. मी फोनवर म्हणायचो, "दे." तो म्हणायचा, "दिलं." मग घरच्या गप्पा. आम्ही रिटायर झाल्यावर बटणांचे नवे पॅनल आले, दोन्ही केबिनी पाडल्या. ढिगाऱ्यातून मी माझ्या लीव्हरचा पितळी बिल्ला उचलून आणला. तो बिरूला द्यायचा होता. पण अंबडचे वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नका. मला तर बिरूचीच सही हवी. म्हणून बिल्ला दैवशालाला, आणि बिरूला काहीही नाही.

३) बिरूच्या मुलीच्या, छकुलीच्या लग्नात सगळ्यांना टॉवेल-टोपीचा मान झाला, मला नाही. मी न जेवता उठलो. तेव्हापासून नोकरी संपेपर्यंत आमच्यात "दे" आणि "दिलं" एवढेच. रिटायर झाल्यावर छकुली टॉवेल-टोपी घेऊन घरी आली. म्हणाली, "काका, तुमची टॉवेल-टोपी बाबानं येगळी ठेवल्ती. शेवटी सोताच्या हातानं द्यायची व्हती. तुम्ही तर निघून गेल्ते." टोपी ठेवून घेतली, घातली नाही. त्याने स्वतः यायला हवे होते, हे माझे मत कायम आहे. पण एवढी वर्षे फुकट गेली, याचे फार वाईट वाटते.

४) मला न्याल तेव्हा ती टोपी माझ्या डोक्यावर घालावी.

साक्षीदाराची एक जागा बिरूसाठी ठेवली आहे. राधेश्याम निरोप घेऊन गेला आहे. बिरू आला नाही तर हा कागद असाच पडून राहील. त्या जागी दुसऱ्याची सही मी घेणार नाही.

सहीआधीची दुरुस्ती: बिरूने वरील मजकूर उभ्यानेच वाचला. म्हणाला, "मेल्यावर कशाला? आण इकडं." पेटीतून टोपी काढून दिली. त्याने ती माझ्या डोक्यावर ठेवली. कलम ४ रद्द समजावे.

स्थळ: कुंभार पिंपळगाव
दि. ९ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: बद्रीनाथ तातेराव शेजूळ (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१) वसंता रामप्रसाद शिंदे, शेजारी (सही)
२) बिरू कारभारी देवकते, पश्चिम केबिन (सही)