आतड्याचा निरोप

ती. आईस,
इथूनच नमस्कार. माझा खोकला जवळजवळ गेला, काळजी नको.

दिवसभर प्रयोगशाळेत उंदरांशी काय करतेस, असं विचारलं होतंस. त्यांना साखर शिरेतून दिली, तर रक्तात रेंगाळते. तेवढीच तोंडाने पाजली, तर लवकर आवरते, कारण आतडं हार्मोनच्या हाती इन्सुलिन सोडणाऱ्या स्वादुपिंडाला निरोप धाडतं, "पाहुणे आलेत, तयारीला लागा."

ताई म्हणाली, साखर वाढेल या धास्तीने तू मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीच राहतेस, आणि मला मात्र "पोटभर जेवले" म्हणून कळवतेस. तुझी गोळी आतड्याचा तोच निरोप टिकवून धरते. पण आई, रिकाम्या पोटातून निरोप कोण धाडणार?

गुडघा कसा आहे?

शाळेतून आले की मी दारातूनच बोलत सुटायचे. तू ताट पुढे सरकवायचीस, "आधी जेव, मग बोल."

आता तू आधी जेव. मग उत्तर लिही.

तुझी,
धाकटी