हेडलाइट मीच उघडणार

रविवार, ५ ऑक्टोबर. सकाळी नऊ.

निर्णय झाला. गाडीचे हेडलाइट मी स्वतः करणार. दोन्ही पिवळे पडलेत, आत धूर कोंडल्यासारखे. लावले की रस्त्यावर उजेड पडत नाही, गाडी येते आहे एवढी वर्दी फक्त रस्त्याला मिळते.

कारण नोंदवून ठेवतो. ३ नोव्हेंबरपासून ही डेअरीच्या प्रयोगशाळेची प्रमुख. अकरा वर्षं वाट पाहून मिळालेली जागा. ड्यूटी पहाटे साडेपाचला, अडतीस किलोमीटरवर. पहिली बस सहाची. ही पोचून दूध तपासत नाही तोवर टँकर फाटकाबाहेर ताटकळणार. म्हणजे रोज पावणेपाचला, मिट्ट काळोखात, गाडी चालवत एकटीने निघायचं. रस्ता दिसायला हवा.

हिचा धाकटा भाऊ गॅरेज चालवतो. काल जेवताना म्हणाला, दाजी, गाडी आणून सोडा, वरून पॉलिश पेपर मारतो, अर्ध्या तासात चकाचक. वरून! या माणसाचं सगळंच वरून. मी विचारलं, आणि आतलं काय? तर म्हणतो, आत काही झालेलंच नाही. ज्याने आत डोकावलेलं नाही त्याचा हा आत्मविश्वास.

माझी योजना: हेडलाइट उघडायचे, आतली चंदेरी चौकट काळी रंगवायची, झोत एकवटणारी प्रोजेक्टर लेन्स बसवायची, पुन्हा सील करायचे. दोन रविवार पुरेत. एकोणीस व्हिडिओ पाहिले. त्यातल्या एकालाही धड वाक्य बोलता येत नव्हतं. त्यांना जमतं तर मी पदवीधर आहे.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं: हे हौसेसाठी करतोस की हिच्यासाठी? हिच्यासाठी. काळा रंग हा तपशील.

त्याच दिवशी, दुपारी चार.

बंपर काढल्याशिवाय हेडलाइट निघत नाही. हे कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. (सहाव्यात होतं. तो भाग मी पुढे ढकलला होता. नोंद असावी म्हणून लिहितो.) चौदा क्लिपा. पाच तुटल्या. बारा वर्षांत प्लास्टिकचा इतका ऱ्हास व्हावा?

पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर फिरायला निघाले होते. थबकले, बघितलं, म्हणाले, कवळी काढून ठेवलेली दिसते. अशा माणसांनी चाळीस वर्षं पोरं घडवली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.

ऑफिसात माझं काम इतरांच्या अहवालांतल्या चुका शोधण्याचं. आज पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी परिशिष्ट न जोडताच अहवाल पाठवला. तपासणी म्हणजे काय, हे त्यांना पाऊण तास समजावलं. यादी करा, एकेक खूण करा, मग पुन्हा मोजा. त्या घड्याळाकडे बघत होत्या. लोकांना शिस्तीचा तिटकारा असतो.

रविवार, १२ ऑक्टोबर. दुपारी एक.

हेडलाइटची काच (ती काच नसतेच, प्लास्टिक असतं, पण हे किती जणांना ठाऊक?) मागच्या खोक्याला डिंकासारख्या सीलने चिकटवलेली असते. ती ओव्हनमध्ये गरम करून सोडवतात. शंभर अंश, दहा मिनिटं. हिच्याकडे ओव्हन ऐनवेळी मागितला, कारण आधी मागितला असता तर मिळाला नसता.

आधी स्क्रू काढले. सात. सातही डबीत, डबीवर लेबल, लेबलवर तारीख. मग उजवा दिवा ओव्हनमध्ये.

मुलगी क्लासहून आली. वास घेतला, काचेतून आत पाहिलं आणि विचारलं, बाबा, आज जेवायला हेडलाइट आहे का? मी म्हटलं, आहे. म्हणाली, मग मी मैत्रिणीकडे जेवते. सोळाव्या वर्षी विनोदबुद्धी ही अशी असते, म्हणजे नसते.

दुपारी अडीच.

दहा मिनिटांनी काढला. उघडेना. पुन्हा दहा मिनिटं. उघडेना. मग जोर लावला.

खोक्याचा एक कान तुटला आणि काचेला कोपऱ्यात तडा गेला. तपासाअंती आढळलं की स्क्रू आठ होते. आठवा कंपनीच्या स्टिकरखाली. स्टिकरखाली स्क्रू लपवणं ही कुठली नीती? स्वतःला विचारलं: मोजण्यात चूक झाली का? नाही. जे दिसत होते ते मी अचूक मोजले.

डावा मात्र लोण्यासारखा उघडला. म्हणजे पद्धत बरोबरच होती.

ओव्हनचा वास गेलेला नाही. ही आली. दार उघडून बघितलं, बंद केलं, आत जाऊन फोनवर काहीतरी भरत बसली. हिच्या शांतपणाचं मला कौतुक वाटतं.

शनिवार, १८ ऑक्टोबर.

आठवडाभर गाडी पार्किंगमध्ये बिनचेहऱ्याची उभी. ही बसने जाते आहे. म्हणाली, सवय झालेली बरी. आशावादी बाई.

आतल्या रिफ्लेक्टरवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. मला असला निष्काळजीपणा सहन होत नाही. थिनर घेतला, कापूस घेतला, हलक्या हाताने पुसला. ठसा गेला. त्याबरोबर चकाकीही गेली. रिफ्लेक्टर आता करड्या रंगाचा असून त्यावर अंगठ्यापेक्षा मोठा, कापसाच्या आकाराचा डाग आहे. जोडी जुळावी म्हणून दुसऱ्या दिव्यातलाही पुसून टाकला. दोन्ही बाजू सारख्या असणं महत्त्वाचं.

मेहुण्याचा फोन. दाजी, कुठवर आलं? म्हटलं, आतलं काम चालू आहे. तर म्हणतो, आत थिनर तेवढा लावू नका हं. याला कोण विचारायला गेलं होतं? आणि सांगायचंच होतं तर सकाळी सांगायचं.

रविवार, १९ ऑक्टोबर.

रंग दिला. तीन हात. मऊसूत काळा, वाघाच्या डोळ्याभोवती असतो तसा. उत्साहात इंडिकेटरचा कप्पाही रंगवला गेला. इंडिकेटर आता लागतो, पण कोळशाच्या खाणीत कुणी काडी ओढल्यासारखा. हिला सांगितलं, वळताना हात दाखव. म्हणाली, पहाटे पाचला कुणाला? मुद्दा बिनतोड आहे. कुणालाच नाही, म्हणजे अडचणही नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर.

प्रोजेक्टर बसले. आता सील.

या कामात एक गोष्ट माझ्या लक्षात आली जी कंपनीच्या एकाही इंजिनियरच्या लक्षात आली नव्हती. खोक्याच्या मागे दोन-दोन भोकं उघडी. नुसती उघडी! वर रबराची वाकडी नळी, तिचंही तोंड मोकळं. पाऊस येतो, धूळ येते, आणि हे लोक कारखान्यातून भोकं ठेवून माल पाठवतात. बारा वर्षं दिवे पिवळे का पडत होते ते आज कळलं.

चारही भोकं सिलिकॉनने बुजवली. नळ्या फेकल्या. तड्यावरही सिलिकॉन. दिवा आता पाणबुडीत लावला तरी चालेल.

मुलीला बोलावून दाखवलं. तिने हलवून बघितला. आत काहीतरी खुळखुळलं. म्हणाली, स्क्रू आहे बहुतेक. मोजले. डबीत एक कमी आहे. असू दे. दिवा खुळखुळतो म्हणून कुणी आंधळं होत नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर. संध्याकाळी सात.

दिवे गाडीवर चढले! बंपर नऊ क्लिपांवर बसला, उरलेलं काम चिकटपट्टीने केलं. डावीकडून बघू नये.

मग झोताची उंची. इथे खरा माणूस कळतो. मेहुणा काय करतो, भिंतीसमोर गाडी उभी करतो, डोळे बारीक करतो, स्क्रू पिळतो, झालं. मी भिंतीपासून साडेसात मीटर मोजले. लेन्सचा मध्य जमिनीपासून किती, ते मिलिमीटरमध्ये. तीच उंची पातळी लावून भिंतीवर नेली, तिथे पट्टी चिकटवली. झोताची कड पट्टीखाली बरोब्बर साडेसात सेंटिमीटर. दोन्हीकडे. तीनदा तपासलं.

इतकं सरळ काम या इमारतीत आजवर झालेलं नसेल.

बुधवार, २९ ऑक्टोबर. संध्याकाळी साडेसात.

हिला चाचणीसाठी नेलं. ती चालवत होती, मी शेजारी. गावाबाहेरचा मोकळा रस्ता. दिवे लावले. काय तो पांढरा शुभ्र झोत! धारदार कड! मी म्हटलं, बघ.

ती म्हणाली, बघते आहे. घरटी छान दिसताहेत. खड्डे कुठे असतील तेवढं सांग.

झोत झाडांच्या शेंड्यांवर होता. रस्ता काळाकुट्ट. हाय बीम लावून बघू म्हणालो. हाय बीम त्या करड्या रिफ्लेक्टरमधून निघून बॉनेटपर्यंत येऊन थांबला. ती पहिल्या गिअरमध्ये घरी आली. उतरताना म्हणाली, अरे, मला तिथे पोचायचंय. खरंच पोचायचंय.

हे वाक्य मला आवडलं नाही. त्यात माझ्यावर अविश्वास आहे, असं मला उगाच वाटत राहिलं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर.

हेडमास्तर जिन्यात भेटले. म्हणाले, काल तुमच्या दिव्याने आमच्या गॅलरीत वर्तमानपत्र वाचलं, आभारी आहे.

रागाने पार्किंगमध्ये गेलो, पुन्हा मोजलं. सगळं बरोबर. मुलीने शेजारी पाण्याची बाटली आडवी ठेवली. बाटली आपणहून निघाली, थेट भिंतीच्या पायथ्याच्या गटारापर्यंत गेली. पाणी वाहून जावं म्हणून पार्किंगच्या जमिनीला उतार दिलेला आहे. गाडीचं तोंड उताराच्या खालच्या अंगाला, भिंत त्याच्यापुढे. मी जमीन सोडून सगळं पातळीत लावलं होतं. मुलगी म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. मी तिला शांतपणे दाखवून दिलं की अंगण खरोखरच वाकडं आहे. या म्हणीतल्या बाईचीही बाजू कुणीतरी ऐकून घ्यायला हवी होती.

स्वतःला विचारलं: चूक माझी का? अंशतः. जमीन ओतणाऱ्याची पंचाहत्तर टक्के.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर. संध्याकाळी.

सपाट जागा शोधून झोत खाली आणला. उत्तम. अर्धा तास दिवे सुरू ठेवले. मग दोन्ही दिवे आतून घामेजले. आधी धुकं, मग थेंब, मग ओघळ. उजव्यात तळाशी चमचाभर पाणी साठलं असून त्यात स्क्रू पडलेला दिसतो. पाणी आलं कुठून? चारही भोकं तर मी बुजवली आहेत!

केस वाळवायच्या मशीनने बाहेरून वाळवून पाहिलं. ओलावा आत असल्याने फरक पडला नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर.

मेहुणा आला. मी बोलावलं नव्हतं. हिने बोलावलं असावं.

मी त्याच्या हसण्याची तयारी ठेवली होती. तीन उत्तरं पाठ केली होती. तो हसला नाही. वाकून त्याने बोटाने सिलिकॉन चाचपलं. मग अगदी हळू, जणू घरात कुणी आजारी आहे, अशा आवाजात म्हणाला, दाजी, ती भोकं श्वास घ्यायला असतात. आत गरम झालेली हवा ओलावा घेऊन त्यातून जाते-येते.

मी म्हटलं, आणि धूळ? म्हणाला, नळी वाकडी असते ना, म्हणून.

पॉलिश पेपर मारण्याजोगं आता काही उरलेलं नाही. नवी जोडीच लागेल. मागवली तर आठ दिवस. सोमवार परवा आहे.

तो गेल्यावर हिच्याशी काय बोलायचं ते मी ठरवलं. मुद्दे काढले. पहिला मुद्दा लिहून खोडला. दुसराही.

रविवार, २ नोव्हेंबर.

हिला सांगितलं की जबाबदारी माझी. उद्या मी स्वतः तिला मेहुण्याची गाडी मागून घेऊन सोडणार, रोज सोडणार, आठ दिवस. पहाटे चारला उठेन. (मी आयुष्यात चारला उठलेलो नाही, पण निश्चय केला की होतं.)

ती कपड्यांना इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, नको, डेअरीची व्हॅन येते कोपऱ्यावर. मी नाव दिलंय.

कधी दिलंस?

ओव्हनच्या दिवशी.

म्हणजे १२ तारखेला. मी हिशेब केला. त्यानंतर रिफ्लेक्टर, रंग, सील, झोत. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगणार होते रे. पण तू रोज खालून इतका खूश होऊन यायचास. आणि वाटलं, जमलंच तर स्वतःची गाडी बरी. म्हणून बुधवारी आले ना बघायला.



सोमवार, ३ नोव्हेंबर. संध्याकाळी सात.

पहाटे गजर झाला तेव्हा ही निघून गेली होती. गॅलरीतून व्हॅनची पाठ दिसली. जुनाट व्हॅन. मागच्या रस्त्यावर वळेपर्यंत बघितलं. समोरचे दिवे कसे आहेत ते दिसलं नाही.

दिवसभर ऑफिसात लक्ष नव्हतं. परिशिष्ट नसलेला एक अहवाल पुढे गेला. माझ्या सहीने.

घरी आलो तेव्हा ही आलेली होती. टँकर सगळे वेळेत सुटले, एक परत पाठवला, दुधात पाणी होतं. ड्रायव्हर भांडला, ही हलली नाही. हे सांगताना ही दहा वर्षांनी लहान दिसत होती.

मी धीर करून विचारलं, पहाटे जाताना रस्ता नीट दिसला का?

म्हणाली, रस्ता? काय माहीत. बसल्या बसल्या डोळा लागला माझा. फाटकाशी उठवलं.